अक्षर आणि आज्ञा : मध्ययुगीन ख्रिस्ती मठजीवन आणि केडगावचे मुक्तिसदन

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात भांडगावच्या परिसरात केडगाव हे रेल्वे स्थानकाचे गाव आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी येथे उभारलेल्या मुक्तिसदनाचा विचार मराठीत सामान्यतः दोन अंगांनी होत आला आहे. एक स्त्रीसुधारणेच्या इतिहासाचे अंग आणि दुसरे धर्मांतराच्या वादाचे. या दोहोंत एक प्रश्न बाजूला राहतो. शेकडो स्त्रिया एका आवारात राहतात, ठरल्या वेळी प्रार्थना करतात, शेत पिकवतात, कापड विणतात, ग्रंथ छापतात, आणि हे सर्व एका धार्मिक ध्येयाच्या छायेखाली चालते, हा जीवनाचा आकार कोठून आला? त्याचे मूळ अमेरिकन शिक्षणसंस्थांत आहे असे मानण्याचा प्रघात आहे व त्यात तथ्यही आहे. तथापि रमाबाई अमेरिकेला जाण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे इंग्लंडमध्ये होत्या, आणि त्यांचा पहिला मुक्काम होता तो वाँटेज येथील एका ख्रिस्ती भगिनीसंघात. हा संघ मध्ययुगीन मठजीवनाच्या पुनरुज्जीवनातून जन्मलेला होता. म्हणून केडगावची नीट ओळख व्हावयाची तर सहाव्या शतकातील मठाच्या नियमांपर्यंत मागे जावे लागते.

पाश्चात्त्य ख्रिस्ती मठजीवनाचा पाया म्हणून ज्या नियमग्रंथाचा उल्लेख होतो तो संत बेनेडिक्टचा. इटलीतील माँते कासिनो येथे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या या ग्रंथात ७३ प्रकरणे आहेत. मराठी वाचकाला ‘मठ’ म्हटले की गुरुपरंपरा, गादी आणि समाधी आठवते. बेनेडिक्टच्या मठाची कल्पना यापेक्षा बरीच वेगळी आहे. त्यात प्रवेश करणारा माणूस तीन गोष्टींचे वचन देतो : त्याच मठात आमरण राहण्याचे, आपली जीवनरीती पालटण्याचे आणि आज्ञापालनाचे. पहिल्या वचनाला लॅटिनमध्ये ‘स्ताबिलितास’ म्हणजे स्थैर्य असा शब्द आहे. गावोगाव हिंडणाऱ्या, आज या मठात तर उद्या त्या मठात पाहुणचार झोडणाऱ्या संन्याशांविषयी बेनेडिक्टने ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तीव्र नापसंती व्यक्त केली आहे. महानुभाव पंथाच्या आचारधर्माशी परिचित असलेल्या अभ्यासकाला येथे थबकावे लागेल. तेथे अटन हाच साधकाचा धर्म, एका जागी मन गुंतणे हा दोष. येथे अटन हा दोष आणि एका जागी मुळे रुजणे हे व्रत. चक्रधरांच्याच शतकात युरोपात फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांचे भिक्षासंघ निघाले व त्यांनी मठाची भिंत ओलांडून रस्ता धरला, ही गोष्ट वेगळ्या अभ्यासाचा विषय होईल.

स्थैर्याचे व्रत पाळावयाचे तर जगण्याला लागणारे सर्व काही आवारातच हवे. बेनेडिक्टच्या ६६व्या प्रकरणात हे अगदी व्यवहारी भाषेत येते. पाणी, दळण्याची सोय, बाग आणि निरनिराळे हस्तव्यवसाय मठाच्या आतच असावेत, म्हणजे मठवासीयांना बाहेर भटकण्याचे कारण उरणार नाही. याच व्यवस्थेतून पुढील काही शतकांत मठ हे मध्ययुगीन समाजातील एक बलाढ्य आर्थिक केंद्र बनले. रात्रीच्या प्रार्थनेसह दिवसाच्या सात प्रार्थनावेळा घंटेने बांधल्या गेल्या. उरलेला वेळ श्रम आणि वाचन यांत विभागला गेला, आणि वाचनासाठी ग्रंथ हवेत म्हणून ग्रंथांच्या नकला करण्याचे काम मठात आले. रोमन साम्राज्याच्या विघटनानंतर लॅटिन विद्येचा मोठा भाग टिकला तो या नकलांमुळे. अर्थात मठाचे हे चित्र रंगवताना त्याची दुसरी बाजू झाकणे योग्य नाही. ९१०मध्ये स्थापन झालेल्या क्ल्युनीसारख्या मठाने प्रार्थनेचा विधी इतका वाढवला की अंगमेहनतीला वेळच उरला नाही. शेत पिकवले ते कुळांनी आणि भूदासांनी. १०९८मध्ये सितो येथे निघालेल्या संघाने श्रमाचे व्रत पुन्हा उचलून धरले खरे. पण त्याच्याही मठांत कष्टाचा मोठा वाटा निरक्षर श्रमबंधूंच्या माथी आला, आणि अक्षर जाणणारे व शेत नांगरणारे असे दोन थर मठाच्या आतच पडले.

स्त्रियांच्या मठांचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. बेनेडिक्टच्याही आधी, इ. स. ५१२च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथील बिशप सिझेरियस याने आपल्या बहिणीच्या मठासाठी एक नियमावली तयार केली. खास स्त्रियांसाठी लिहिलेली ही पश्चिमेकडील पहिली महत्त्वाची नियमावली होय. तिच्यातील दोन कलमे येथे ध्यानात घ्यावयाची आहेत. एक असे की, मठात आलेल्या प्रत्येक स्त्रीने अक्षरे शिकलीच पाहिजेत. दुसरे असे की, एकदा आत आलेल्या स्त्रीने मरेपर्यंत मठाचा उंबरा ओलांडावयाचा नाही. लहान मुलीला मठात केव्हा घ्यावे याचाही निर्णय सिझेरियसने देऊन ठेवला आहे : अक्षर शिकण्याइतकी आणि आज्ञा पाळण्याइतकी समज आली म्हणजे, साधारण सहा-सात वर्षांची झाल्यावर. अक्षर आणि आज्ञा ही जोडी मध्ययुगीन स्त्रीमठाच्या सबंध इतिहासावर पसरलेली दिसते. ज्या काळात लग्न आणि वैधव्य यांपलीकडे स्त्रीला जागा नव्हती त्या काळात मठाने तिला तिसरी जागा दिली, वाचन दिले, क्वचित लेखणीही दिली. दहाव्या शतकात गांडर्सहाइमच्या ह्रोत्स्विताने लॅटिनमध्ये नाटके लिहिली ती अशाच आवारात. या जागेची किंमत मात्र आज्ञापालनात मोजावी लागे. १२९८मध्ये पोप बोनिफेस आठवा याने सर्व स्त्रीमठांवर कडक बंदिवासाचा नियम लादला, तेव्हा ही किंमत आणखी वाढली.

ही किंमत सर्वच स्त्रियांनी मुकाट्याने दिली असे समजण्याचे कारण नाही. बिंगेनची हिल्डेगार्ड (१०९८–११७९) हिला आईबापांनी लहानपणीच धर्माला वाहिले होते. संगीत, वैद्यक आणि दिव्य दर्शने यांवर लिहिणाऱ्या या विदुषीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुरुष मठाधिपतीचा विरोध मोडून आपल्या भगिनींसह रूपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ वसवला, आणि आयुष्याच्या अखेरीस एका मृताच्या दफनावरून धर्माधिकाऱ्यांनी घातलेली गायन-पूजेची बंदीही सोसली, पण माघार घेतली नाही. याच हिल्डेगार्डने आपल्या मठात फक्त उच्चकुलीन स्त्रियांना प्रवेश ठेवला होता व त्याबद्दल दुसऱ्या एका मठप्रमुख स्त्रीने तिला जाब विचारला होता. कुलीनतेचा हा प्रश्न पुढे पुण्यात आणि केडगावात निराळ्या वेषात येणार आहे.

इंग्लंडमध्ये हे सारे एका राजाज्ञेने संपले. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३६ ते १५४० या अवघ्या चार-पाच वर्षांत देशातील सर्व मठ बरखास्त झाले, जमिनी सरकारजमा झाल्या आणि पुढची तीनशे वर्षे इंग्लिश चर्चमध्ये मठजीवन जवळजवळ नव्हतेच. १८३३च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे सुरू झालेल्या चळवळीने चर्चच्या प्राचीन परंपरेची आठवण जागी केली, आणि १८४५पासून स्त्रियांचे भगिनीसंघ निघू लागले. वाँटेजचा ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ हा संघ १८४८चा. प्रार्थनेच्या वेळा, प्रमुख भगिनीची आज्ञा, व्रतदीक्षेपूर्वीची उमेदवारी, विशिष्ट वेष असा मध्ययुगीन साचा त्याने पुन्हा उभा केला. मात्र बंदिवासाऐवजी शाळा, रुग्णसेवा आणि पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांचे पुनर्वसन ही कामे स्वीकारली. १८७०च्या दशकात याच प्रवाहातील काउली फादर्स आणि त्यामागोमाग वाँटेजच्या भगिनी पुण्यात आल्या. पुण्याच्या पंचहौद मिशनशी या दोन्ही संघांचा संबंध आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी ज्या चहामुळे रानडे, टिळक आदी मंडळींवर ग्रामण्याची पाळी आली तो चहा याच मिशनच्या आवारातला. सनातन्यांच्या दृष्टीने तो पाद्र्यांचा चहा होता. यजमानांपैकी काहींच्या अंगावर मध्ययुगीन मठाचा वेष होता, हे त्या गदारोळात कोणाच्या खिजगणतीत असण्याचे कारण नव्हते.

रमाबाईंच्या मनाची घडण कशी झाली होती हे येथे आठवावे लागेल. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाचे जीवन म्हणजे अखंड तीर्थाटन. पुराणे सांगत, मिळेल ते खात हे कुटुंब देशभर हिंडले आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण यांचा अंत झाला. संस्कृत विद्या आईकडून मिळाली, पंडिता ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांकडून मिळाली. १८८२मध्ये वैधव्य आल्यावर त्या पुण्यात आल्या. येथेच वाँटेजच्या भगिनींशी आणि नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाशी त्यांचा परिचय झाला. गोरे यांची गोष्टही सूचक आहे. काउली फादर्सच्या संघात ते उमेदवार म्हणून राहिले, संन्यस्त वृत्तीने जगले, परंतु अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. पश्चिमेचा मठ आणि महाराष्ट्रीय ब्राह्मणाचे विवेकनिष्ठ मन यांच्यातील सांधा बसता बसता कोठेतरी अडतो, याचे ते एक आधीचे उदाहरण म्हणता येईल.

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यावर खोल परिणाम केला तो धर्मसिद्धांतांपेक्षा लंडनमधील फुलहॅम येथे भगिनींनी चालवलेल्या कामाने. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रीला आत घेणारे आणि तिला पुन्हा माणसात आणणारे घर असू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले व पुढे आपल्या आत्मनिवेदनात कृतज्ञतेने नोंदले. येथवर मठाने आपले काम केले होते. अडचण आली ती आज्ञेपाशी.

रमाबाईंना धर्मात आणणाऱ्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता मानल्या जात. भगिनीसंघाची सारी घडण अशी की, जो आत आला त्याने वरिष्ठांच्या विवेकावर आपला विवेक ठेवावयाचा. रमाबाईंनी व्रते घेतली नव्हती, त्या संघाच्या सदस्य नव्हत्या; पण धर्मकन्या म्हणून त्यांच्याकडून अपेक्षा मात्र तीच होती. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असताना पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही हा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातील बिशपांची मते मागवली गेली. ती प्रतिकूल आली. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या स्त्रीला हा निर्णय कसा रुचावा? त्रैक्याच्या सिद्धांताविषयीच्या त्यांच्या शंका, अंडे घातलेले पदार्थ न खाण्याचा त्यांचा आग्रह, क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृत का असू नयेत, हा त्यांचा प्रश्न, या सर्वांतून एकच झगडा निरनिराळ्या रूपांत प्रकटला. ईश्वराची आज्ञा मान्य, पण ती आपल्या सदसद्विवेकातून ऐकू येते. मध्यस्थाची आज्ञा ही ईश्वराची आज्ञा असे गृहीत धरता येत नाही, ही त्यांची भूमिका. जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. शिष्याच्या अभिमानाचे दमन हेच मठाचे पहिले शिक्षण असल्याने त्यांना दुसरे काही वाटणे कठीणच होते. येथे जेराल्डिन यांना खलनायिका ठरवणारे लेखन अलीकडे आढळते. ते न्याय्य नाही. एक दीर्घ परंपरा आपल्या भाषेत बोलत होती आणि समोरची स्त्री ती भाषा नाकारीत होती. वासाहतिक सत्तेचा गर्व या संवादात मिसळलेला होता हे खरे. परंतु इंग्लिश उमेदवार भगिनीलाही याहून वेगळी आज्ञा झाली नसती, हेही तितकेच खरे.

१८८६च्या प्रारंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले, आणि १८९३मध्ये मुलींच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसण्यावरून उठलेल्या वादळात ते जवळजवळ मोडले. शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते, तेथे सोवळ्या-ओवळ्याची सोय राखलेली होती. हिल्डेगार्डच्या मठाचा कुलीनतेचा उंबरा येथे जातीच्या रूपाने होता असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. हा उंबरा पुसला तो दुष्काळाने. अमेरिकन साहाय्याची मुदत दहा वर्षांची होती. ती सरण्यापूर्वी संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेण्यात आली होती, फळबागेसाठी. १८९६–९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १८९९–१९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. १९००च्या सुमारास केडगावात जवळपास दोन हजार जीव होते. बागेचे गाव झाले. आता जात विचारण्याला अर्थ राहिला नव्हता. दुष्काळाने आईबाप गमावलेल्या मुलीने दुष्काळाने आईबाप गमावलेल्या मुलींसाठी ते बांधले.

या वसाहतीकडे बेनेडिक्टच्या ६६व्या प्रकरणाच्या प्रकाशात पाहिले तर साम्य थक्क करणारे आहे. पाणी आवारात, कारण विहिरी आवारात खणल्या. शेती, गुरे, तेलाचा घाणा, माग, शिवणकाम, छापखाना, सारे आवारात. घंटेने बांधलेला दिवस. संस्थेच्या इंग्रजी वार्तापत्राच्या नावातच प्रार्थनेची घंटा आहे. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीच्या शिक्षणाची सोय. आणि सिझेरियसच्या नियमाप्रमाणे, प्रत्येकीने अक्षर शिकावयाचे. तीर्थाटनात वाढलेल्या रमाबाईंनी अखेर स्थैर्य निवडले, हेही या संदर्भात अर्थपूर्ण वाटते.

भेद तेथेच आहे जेथे वाँटेजला भांडण झाले होते. केडगावात व्रतदीक्षा नाही. आजन्म राहण्याचे वचन कोणाकडून घेतले गेले नाही. मुली शिकल्या, कित्येकींची लग्ने झाली, कित्येक शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर गेल्या. कोणत्याही बिशपच्या अधिकाराखाली संस्था नव्हती आणि कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाची नव्हती. अक्षर घेतले, आज्ञा सोडली, असे या व्यवस्थेचे वर्णन करावेसे वाटते. ते पूर्णपणे खरे नाही. व्रत नाही म्हणून अधिकारही नव्हता असे होत नाही. दोन हजारांच्या वस्तीचा शब्द शेवटी रमाबाईंचाच होता, आणि धर्माच्या बाबतीत त्यांचे वातावरण १८९१च्या आत्मिक अनुभवानंतर व १९०५च्या केडगावातील धर्मजागृतीनंतर अधिकच एकसुरी होत गेले. दुष्काळातून उचलून आणलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीला निवड किती होती हा प्रश्न मध्ययुगातील वाहिलेल्या मुलांबाबत विचारला जातो, तो येथेही विचारावा लागेल. बेनेडिक्टच्या नियमात मठाधिपतीने महत्त्वाच्या बाबतीत सर्वांना, लहानातल्या लहानालाही, सल्ल्यास बोलवावे असे म्हटले आहे, कारण पुष्कळदा ईश्वर लहानाच्या तोंडून बोलतो. लिखित नियम अधिकाऱ्यालाही बांधतो, हा त्याचा गुण. नियमाविना चाललेली माया कोणाला बांधील नसते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र मुक्तिसदन खुणावते ते त्याच्या छापखान्यामुळे. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याची खिळेजुळणी आणि छपाई आश्रमातील स्त्रियांच्या हातून झाली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये मुक्ती छापखान्यातून प्रसिद्ध झाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमच्या मठात संत जेरोम लॅटिन भाषांतर करीत असता हिब्रू जाणणारी पॉला आणि तिची कन्या यूस्टोकियम त्याच्या सोबतीला होत्या, भाषांतराचे अनेक भाग त्याने त्यांना अर्पण केले. अर्पणपत्रिकेतील स्त्री केडगावात भाषांतरकर्ती झाली. भाषेविषयीचे रमाबाईंचे धोरणही विचारात घेण्यासारखे आहे. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर आणतात, म्हणून ते टाळावेत आणि खेड्यातल्या स्त्रीला कळेल अशी साधी मराठी वापरावी, हा त्यांचा कटाक्ष. ज्यांचे संस्कृतवर असाधारण प्रभुत्व त्यांनीच संस्कृतला नकार द्यावा, यात ज्ञानेश्वर-एकनाथांच्या देशीकाराची आठवण होते. आणि त्याच वेळी मूळ ग्रंथाच्या शब्दाशी घट्ट राहण्याच्या हट्टाने त्यांचे वाक्य अनेकदा मराठीच्या वळणाबाहेर जाते. मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथाच्या गद्याची वाखाणणी करणाऱ्या समीक्षेने या दुसऱ्या, अधिक दीर्घ आणि अधिक कष्टाच्या गद्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. एकाच लेखिकेच्या दोन मराठींची तुलना हा पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल असा विषय आहे.

वाँटेजच्या झगड्याचे आज जे तपशील उपलब्ध आहेत ते ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहातून. ही पत्रे जमवली, क्रमाने लावली आणि जपून ठेवली ती सिस्टर जेराल्डिन यांनी. रमाबाईंनी त्यांना दिलेले रोखठोक नकारही त्यांनी त्याच निष्ठेने जतन केले होते.